माळ्यावरचं बी

आत्या येणार असली की घरातल्या खुर्च्यासुद्धा सरळ बसतात, असं बाबा म्हणायचे. त्या दिवशी मात्र खुर्च्या सरळ करायला थोरलीचा हात वळत नव्हता. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. खिडकीतून खालचं कुरण दिसत होतं आणि ते हिरवंगार होतं. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की या घराचं नशीब उघडलं.

थोरलीला ते हिरवं बघवत नव्हतं.

गेले काही आठवडे ती सकाळच्या धारा आटोपल्या की कुरणात जायची, ओणवी व्हायची आणि एकेक पात बोटांत धरून बघायची. पेरलं होतं ते गवत रुंद पातीचं, मऊ, गायीने एकदा तोंड लावलं की मान वर करू नये असं. उगवत होतं ते अरुंद, खरखरीत, तारेसारखं. कुसळी. जिच्यापायी जुनं कुरण उलथून टाकलं होतं, तीच पुन्हा पाय रोवून उभी होती. नवं गवतही होतं, नाही असं नाही. ते कुसळीच्या बुडाशी सावलीत पिवळं पडून बसलं होतं, दांडग्या पोरांच्या मागे बसलेल्या किरकोळ मुलासारखं. पहिले काही दिवस थोरलीने स्वतःची समजूत घातली की ते वर येईल, थोडा उशीर होतोय इतकंच. मग समजूत घालणंही सोडलं. आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

बाबांना तर नाहीच नाही. कारण बाबा आनंदात होते.

आई गेल्यानंतर बाबांचे हात थरथरायला लागले होते. एकदा धार काढताना गाय बिथरली, चरवी कलंडली, तेव्हा थोरलीने हळूच त्यांच्या हातातून चरवी घेतली होती. ‘‘उद्यापासून मी बघते, बाबा,’’ एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून ते गोठ्याबाहेरच्या बाकावर बसून असायचे, कुणी बसवून ठेवल्यासारखे. पण नवं गवत पेरलं आणि माणूस बदलला. सकाळी कुंपणाकडेने फेरी, तोंडाने शीळ, जेवताना दोन घास जास्त. थोरलीला वाटायचं, पेरणीने निदान एवढं तरी केलं.

ठरलं होतं ते असं. गेल्या वर्षी याच टेबलाशी चौघांची चांगलीच जुंपली होती. गोठा दूध द्यायचा, पण त्या दुधाचं बहुतेक सगळं पेंडीच्या रूपाने परत गायींच्याच पोटात जायचं, आणि वरची तूट भावाचं गॅरेज भरून काढायचं. भावाचं म्हणणं, गायी विकून मोकळे होऊ. थोरलीचं म्हणणं, पेंड लागते कारण कुरणात खायला काही नाही. कुसळीला गाय तोंड लावते आणि मान झटकून पुढे जाते. चांगलं गवत पेरा, गाय तिचं ती खाईल आणि वर दूधही देईल. अर्ध्या जमिनीची मालकीण आत्या. ती पाचही बोटं टेबलावर पसरून म्हणाली होती, ‘‘एक हंगाम देऊ पोरीला. गवत घोट्याच्या वर आलं की सगळ्यांनी जाऊन बघायचं. चांगलं आलं तर गोठा राहिला. नाहीतर गायी गेल्या. मग कुणी रडायचं नाही.’’

आज ते बघायचं होतं. आणि भावाने गुरांच्या व्यापाऱ्याला उद्याचं सांगून ठेवलं होतं.

पहिली आली भावजय. गॅरेजची गाडी फाटकाशी थांबते न थांबते तोच ती उतरून स्वयंपाकघरात आली आणि थोरलीच्या कानाशी लागली.

‘‘ताई, मी यांना वाटेतच सांगितलंय. गवत बरं असलं तर तोंड मिटून घ्यायचं. आणि अहो, किती सुंदर दिसतंय वरून! मला तर रडूच आलं.’’

‘‘चहा टाकतेस?’’ थोरली म्हणाली.

‘‘टाकते की. पण तुमचा चेहरा का असा? रात्री झोपला नाहीत का?’’

सांगायचं असतं तर हीच वेळ होती. ही एकटीच अशी होती जिला सांगता आलं असतं. थोरलीने साखरेचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला आणि कप विसळायला घेतले.

भाऊ आला तो हात पुसत, नखांत ग्रीस घेऊनच. तो लहानपणापासून गायींना भ्यायचा आणि ते कुणाला कळू नये म्हणून गायींवर ओरडायचा. इंजिनाचा मात्र नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. तो खुर्चीत बसला, खिडकीबाहेर बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘मी हरलो बुवा.’’

थोरली वळली नाही.

‘‘खरंच सांगतो. रस्त्यावर गाडी थांबवून बघितलं मी. हिला विचार. मला वाटलं होतं, तू बी पेरशील आणि पाखरं खातील. पण तू करून दाखवलंस. व्यापाऱ्याला कळवून टाकतो, येऊ नकोस म्हणून.’’ त्याने खिशातून फोन काढलासुद्धा.

थोरलीचे हात कपावर थांबले. करू दे फोन, असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही. एकदा नको म्हणून सांगितलं की व्यापारी दुसऱ्या गावाला जाईल, महिना-दोन महिने तरी फिरकणार नाही. तेवढ्यात काहीही होऊ शकतं. काय होऊ शकतं ते तिला ठाऊक नव्हतं.

‘‘ठेव तो फोन,’’ दारातून आवाज आला. आत्या आली होती. पाठीमागे घरातले सगळे तिला सरकार म्हणायचे, आणि तिलाही ते माहीत होतं. ‘‘मी खिडकीतून जमीन बघत नाही. पायाखालून गेली की मग बोलू. चहा झाला का?’’

चहा झाला. बाबा आले, अंघोळ करून, भांग पाडून, स्वच्छ स्वेटर घालून. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. त्यांनी चहा बशीत ओतला, थोडा सांडला, आणि आज त्याबद्दल ते ओशाळलेही नाहीत.

‘‘काय मग,’’ ते मुलाला म्हणाले, ‘‘विकणार गायी?’’

‘‘तुमच्या लेकीने विकू दिल्या तर ना, बाबा.’’

‘‘हां,’’ बाबा हसले. ‘‘लेकीने. आणि लेकीच्या बापाने.’’

भावजय हसली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. आत्याने तेवढं बाबांकडे एकदा बघितलं आणि कप खाली ठेवला.

कुरणाकडे जाताना बाबा सगळ्यांच्या पुढे होते. काठी टेकायची सोडून ते काठीने दाखवत चालले होते. गोठ्यात गायी हंबरत होत्या. नवं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून थोरलीने त्यांना सगळा हंगाम आत बांधून ठेवलं होतं, आधी माळ्यावरच्या वैरणीवर आणि ती संपल्यावर विकतच्या सुक्या चाऱ्यावर. म्हातारी नावाची गाय, जी खरं तर कळपात सगळ्यात म्हातारी नव्हती, बाबांचा आवाज ऐकून दावं ओढायला लागली.

‘‘थांब गं,’’ बाबा तिला म्हणाले. ‘‘आजच्या दिवस. उद्या तुला सोडतो.’’

फाटक उघडलं आणि सगळे आत शिरले. दहा-बारा पावलं सगळे चालत गेले. मग आत्या कंबरेवर हात ठेवून ओणवी झाली. तिने गवताची एक मूठ उपटली, डोळ्यांसमोर धरली, दोन पाती दातांखाली धरून चावल्या आणि थुंकल्या.

‘‘हे काय गं?’’ ती म्हणाली.

थोरलीने मान खाली घातली.

‘‘मी तुला विचारतेय. ही कुसळी आहे.’’

‘‘हो.’’

‘‘सगळीकडे?’’

‘‘सगळीकडे. खाली नवं आहे. पण ते आता वर येणार नाही.’’

भावाने आत्याच्या हातातलं गवत घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बहिणीचा चेहरा कळत होता. ‘‘तुला माहीत होतं? आणि मी तिथे बसून मी हरलो म्हणत होतो, फोन काढला, तरी तू गप्प राहिलीस?’’

‘‘हो.’’

‘‘नीट नांगरलं नसशील.’’

‘‘तीनदा नांगरलं. प्रत्येक वेळी उगवलं ते कुळवून काढलं. चुना टाकला. बी उथळ पेरलं, रूळ फिरवला. जे जे करायचं ते सगळं केलं.’’ बोलताना तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. ‘‘पेरलं तेव्हा ही जमीन स्वच्छ होती. मी गुडघ्यांवर बसून बघितली होती. मला नाही माहीत हे कुठून आलं.’’

‘‘बीवाल्याने फसवलं असेल,’’ भावजय म्हणाली. ‘‘भेसळ केली असेल मेल्याने.’’

 आत्या बांधावर चढली, साठीतल्या बाईला जमेल तशी, आणि डोळ्यांवर हात धरून कुरणाकडे बघायला लागली. ऊन तिरपं झालं होतं. तिरप्या उन्हात गवताचे चढउतार दिसतात, सरळ उन्हात दिसत नाहीत.

‘‘इकडे ये,’’ तिने थोरलीला हाक मारली. ‘‘तू यंत्राने पेरलंस ना?’’

‘‘यंत्रानेच.’’

‘‘मग ओळी दिसायला हव्यात. हे बघ काय आहे.’’

थोरलीने बघितलं. रोज ती कुरणात ओणवी होऊन बघत होती, बांधावर उभी राहून एकदाही नाही. कुसळी ओळीत नव्हती. ती अर्धगोलांत उगवली होती. एक अर्धगोल, त्याच्या पुढे दुसरा, त्याच्या पुढे तिसरा, कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक पाऊल टाकायचं आणि मुठीतलं बी हात फिरवून फेकायचं, की जमिनीवर असाच अर्धगोल पडतो. मध्ये कुठे कुठे तो तुटला होता, जणू फेकणाऱ्याचा हात थरथरला असावा.

आत्याचा चेहरा एकदम उतरला. तिने बांधावरून खाली बघितलं. खाली बाबा उभे होते, गवतातून काठी फिरवत.

‘‘आमचे वडील करायचे,’’ आत्या अगदी हळू म्हणाली, थोरलीलाच ऐकू जाईल असं. ‘‘नवं काही पेरलं की वैरणीचा माळा झाडून तो चुरा वर फेकायचे. घरचं बी म्हणायचे. तेव्हा विकतचं बी पुरायचं नाही म्हणून... सोड. चल खाली. बी खराब निघालं म्हणून सांग. ऐकतेस ना मी काय म्हणतेय?’’ आणि तिने थोरलीचं मनगट धरलं.

पण सांगायला बाबा मोकळेच होते.

‘‘काय बघताय वरून एवढं?’’ त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांना आता रंगच काय ते दिसायचे, पाती नाहीत. ‘‘दाट आलंय की नाही? सांगू का कसं आलं? आता सांगतो. रोज सकाळी ही दूध घालायला डेअरीत गेली की मी माळ्यावर. एक पोतं झाडायचं, एक पोतं फेकायचं. आठवडाभर चाललं होतं. हिने सगळं विकतचं पेरलं, म्हटलं, घरचं मूठभर तरी पडायला हवं. शिडी चढताना दोनदा पडता पडता वाचलो.’’ ते हसले. ‘‘म्हटलं, आधी येऊ दे वर, मग सांगू. हात अजून अगदीच कामातून गेलेले नाहीत.’’

‘‘पुरे, दादा,’’ आत्या म्हणाली.

‘‘का पुरे? केलंय म्हणून सांगतोय.’’

भावाला काही उमगलं नव्हतं. माळ्यावरच्या चुऱ्यात काय असतं ते त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. भावजय बाबांकडे कौतुकाने बघत होती. त्या पाच जणांत दोघींनाच कळलं होतं, आणि त्यातली एक दुसरीचं मनगट घट्ट धरून उभी होती. गप्प राहणं सोपं होतं. पण मग उद्या गाड्या येणार होत्या, आणि थोरलीने आपल्या हाताने कुरण बुडवलं असं या घरात कायमचं बोललं जाणार होतं. खरं सांगितलं तर आणखी एक हंगाम मिळेल. तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं. आणखी एक हंगाम.

तिने मनगट सोडवून घेतलं.

‘‘तो चुरा जुन्या कुरणाचा होता,’’ ती भावाला म्हणाली. ‘‘जुन्या कुरणाचीच वैरण माळ्यावर होती. त्यात कुसळीच्या बीशिवाय काही नव्हतं. माझं काही चुकलं नाही. पद्धत बरोबर होती, बी बरोबर होतं. ही सगळी कुसळी बाबांनी पेरलीय. मला अजून एक हंगाम द्या.’’

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की बोलताना आपण बाबांकडे एकदाही बघितलं नाही. आताही बघवेना.

 गोठ्यात गाय हंबरत होती. भाऊ खाली बसला, त्याने मातीत हात घातला आणि थोडा वेळ ती माती नुसतीच चुरत राहिला. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘‘चूक तुझी नव्हती, ताई. कबूल. पण आता काय करायचं? कुसळीचं बी एकदा जमिनीत गेलं की वर्षानुवर्षं उगवत राहतं, हे गेल्या वर्षी तूच मला सांगत होतीस ना? म्हणून तर एवढी नांगरट केलीस. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तोवर गायींना काय घालायचं? माळाही रिकामा झाला.’’

 ते सगळं तिचंच बोलणं होतं, शब्द न शब्द. तिने आत्याकडे बघितलं. आत्या आपल्या भावाकडे, बाबांकडे बघत होती.

‘‘येऊ देत गाड्या,’’ आत्या म्हणाली. ‘‘झालं आता.’’

परत जाताना बाबा सगळ्यांच्या मागे होते. भावजय त्यांच्याबरोबर चालत होती, त्यांचा दंड धरून. फाटकाशी ती थांबली, बाबांना पुढे जाऊ दिलं आणि थोरलीकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘गायी तशाही जाणार होत्या. हे तुम्ही बोलला नसतात तर चाललं असतं.’’

सकाळी थोरलीने धारा काढल्या, कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. गायींच्या कासा भरल्या होत्या आणि भरल्या कासेने त्यांना पाठवणं तिच्याच्याने होईना. मग गाड्या आल्या. व्यापारी भला माणूस होता, आवाज चढवत नव्हता, काठी वापरत नव्हता. एकेक गाय फळीवरून चढत गेली. म्हातारीने तेवढे पाय रोवले. ती बाकाकडे बघत होती, जिथे बाबा बसायचे. बाक रिकामा होता. शेवटी थोरली स्वतः पुढे झाली, तिच्या गळ्याखाली हात घातला आणि तिला वर चढवलं. गायीने विश्वासाने पाऊल टाकलं.

गाड्या वळणापार गेल्यावर भाऊ म्हणाला, ‘‘तू काही दिवस आमच्याकडे ये.’’ ती म्हणाली, ‘‘बघू.’’ मग विचारलं, ‘‘बाबा कुठे आहेत?’’

ते खोलीत नव्हते. गोठ्यात नव्हते. वैरणीच्या माळ्याला शिडी लावलेली होती, म्हणून ती वर चढली. माळा फळ्यांपर्यंत झाडलेला होता. फळ्यांच्या फटीसुद्धा काडीने कोरून साफ केल्या होत्या, आणि कोपऱ्यात झिजून बुडखा झालेला केरसुणीचा तुकडा पडला होता. इतका स्वच्छ माळा तिने जन्मात बघितला नव्हता. गोठ्यामागे जाळलेल्या चुऱ्याच्या राखेचा ढीग होता, अजून गरम.

बाबा कुरणाच्या फाटकाशी उभे होते. फाटकाबाहेर. कालचाच स्वेटर अंगात होता. विजारीचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढलेले, विजार खालून दुमडलेली, पाय अनवाणी. मोजे त्यांनी फाटकावर टाकले होते आणि बोटांनी चाचपून त्यातलं एकेक कुसळ काढून ते काड्यापेटीत भरत होते.

‘‘जवळ येऊ नकोस,’’ तिला बघून ते म्हणाले. ‘‘माळ्यावरून आलोय. अंगावर असतील अजून.’’

‘‘बाबा, घरी चला.’’

‘‘चलतो. वाट इथूनच आहे ना, कुरणाच्या कडेने. म्हटलं, आधी सगळं काढून टाकू. आणखी पडायला नको.’’ त्यांनी तिच्याकडे पाठ केली. ‘‘मागे बघ जरा. मला दिसत नाही.’’

आता काय फरक पडतो, असं म्हणता आलं असतं. गायी गेल्या, असं म्हणता आलं असतं. गाड्यांचा आवाज त्यांनी ऐकला नसेल असं नव्हतं. काल माझं चुकलं, हेही म्हणता आलं असतं.  ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि स्वेटरवरून हात फिरवायला लागली. खांदे, पाठ, कंबर. पाठ हाताला किती लहान लागत होती.

‘‘आहे का?’’

‘‘एक आहे.’’

‘‘काढ. खाली टाकू नकोस हं.’’

तिने ते लोकरीतून ओढून काढलं. काड्यापेटी त्यांच्या हातात होती आणि हात इतका थरथरत होता की तिच्यात काही ठेवता येईना. थोरलीने ते कुसळ मुठीत धरलं आणि टाकायला जागा शोधत तिथेच उभी राहिली. समोर सगळं कुरण कुसळीचंच होतं.